पिसांसाठी औषध, पण नेमके कशावर?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिकेच्या घरी आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाची सात वर्षांची मादी आहे. गेले पाच महिने ती छातीवरची आणि मांड्यांवरची पिसे कुरतडते आहे. डोक्यावरची पिसे शाबूत आहेत आणि कातडीला अजून कोठेही जखम नाही. गेल्या वर्षीही याच सुमारास असे झाले होते, पण दीड-दोन महिन्यांत ते आपोआप थांबले. यंदा थांबले नाही. रक्त आणि विष्ठा तपासून झाली, चोच आणि पिसे खराब करणाऱ्या विषाणूची चाचणीही झाली, आणि सर्व निकाल ठीक आले. त्यानंतर पशुवैद्यांनी ‘हे मानसिक दिसते’ असे सांगून फ्लुओक्सेटिन हे माणसांच्या नैराश्यावरचे औषध सुरू करण्याचा विचार मांडला. पत्रलेखिकेची आई स्वतः हेच औषध घेते, त्यामुळे नाव ऐकताच त्या धास्तावल्या. पक्षीण गुंगीत राहील, बोलणे सोडेल, तिचा स्वभाव पालटेल, अशी त्यांना भीती वाटते. पतीचे म्हणणे असे की पाच महिने वाट पाहून झाली, आता औषध न देणे हाच छळ आहे. एका परिचिताने आईच्या गोळीचा कण पाण्यात विरघळवून देण्यास सुचवले, तर दुसऱ्याने माणसांचे खाजेचे मलम लावायला सांगितले. आपण सहा महिन्यांपूर्वी पुन्हा कार्यालयात जाऊ लागलो आणि त्याचा राग ती स्वतःच्या पिसांवर काढते, असे पत्रलेखिकेला मनातून वाटते. पत्राच्या अखेरीस, ती अजूनही किती प्रेमळ आहे हे सांगताना त्यांनी लिहिले आहे की ती कपाटाखालच्या अंधाऱ्या फटीत शिरून तासभर कागद फाडते, पाठीवरून हात फिरवला की पंख थरथरवते आणि खाल्लेले दाणे परत काढून त्यांना भरवू पाहते. आहारात प्रामुख्याने सूर्यफुलाच्या बिया आणि संध्याकाळी थोडे कोमट मऊ अन्न असते. त्यांचा प्रश्न असा आहे: औषध द्यावे की न द्यावे?

प्रिय वाचक,

तुम्ही प्रश्न ‘द्यावे की न द्यावे’ असा विचारला आहे, म्हणून उत्तरही आधी तसेच देते. तुमच्या पत्रावरून दिसते त्या परिस्थितीत मी फ्लुओक्सेटिन आज सुरू करणार नाही, दोन महिने थांबेन. मात्र त्या दोन महिन्यांत बरेच काही करायचे आहे, आणि तेवढे करूनही फरक पडला नाही तर औषध देताना अपराधी वाटून घेणार नाही. पक्षिणीला हातात घेऊन तपासलेल्या पशुवैद्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा आहे, हे येथेच सांगून ठेवते. पण त्यांना निर्णय घेण्यासाठी जी माहिती लागते, ती सगळी त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे असे मला वाटत नाही, आणि तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

तो परिच्छेद तुम्ही कौतुकाने लिहिला आहे. अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरणे, तेथे कागदाच्या पट्ट्या फाडत बसणे, पाठीवर हात पडताच पंख थरथरवणे आणि खाल्लेले उलटून भरवणे या चारही गोष्टी एकत्र दिसतात तेव्हा ती मादी विणीच्या तयारीत असते. फट हे तिच्या लेखी घरटे आहे आणि तुम्ही तिचे जोडीदार. पोपटवर्गीय पक्ष्यांत पाठ, शेपटीचे बूड आणि पंखांखालचा भाग यांना होणारा स्पर्श हा जोडीदाराचाच स्पर्श असतो. आपण माया म्हणून हात फिरवतो आणि पक्ष्याच्या शरीराला त्यातून वेगळाच निरोप जातो. त्यात भर म्हणजे स्निग्ध बियांचा मुबलक आहार, संध्याकाळी मिळणारे कोमट मऊ अन्न आणि बहुधा दिव्यांमुळे लांबलेला दिवस. निसर्गात विणीला अनुकूल ऋतू येतो तो भरपूर अन्न, लांब दिवस आणि मोकळी ढोली घेऊन. तुमच्या घरी तो ऋतू संपतच नाही. शरीर तयार, घरटे तयार, जोडीदारही हजर, पण पुढे काहीच घडत नाही, आणि ही कोंडी पिसांवर निघते. गेल्या वर्षी याच सुमारास हेच झाले आणि आपोआप शमले, ही तुम्ही जाता जाता नोंदवलेली गोष्टही याच दिशेला बोट दाखवते. तुमच्या नोकरीमुळे बदललेला दिनक्रम आणि तिचा वाढलेला एकटेपणा यांनी यंदा त्यात तेल ओतले असेल, हे शक्य आहे. पण मूळ तेवढेच असते तर गेल्या वर्षीचा प्रसंग घडला नसता, कारण तेव्हा तुम्ही घरीच होता.

याचा औषधाशी थेट संबंध आहे. पिसे कुरतडण्यामागे विणीची संप्रेरके असतील तर मेंदूतील सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनावर काम करणारे फ्लुओक्सेटिन हे पहिले औषध ठरत नाही. अशा वेळी पशुवैद्य ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन किंवा डेस्लोरेलिनची त्वचेखाली बसवायची बारीक कांडी यांचा विचार करतात. दोन्ही औषधे मेंदूकडून प्रजनन अवयवांना जाणारा संदेश मंदावतात. इंजेक्शनचा परिणाम साधारण काही आठवडे टिकतो, कांडीचा काही महिने. हा परिणाम सर्व जातींत आणि सर्व पक्ष्यांत सारखा मिळत नाही, आणि कारणे तशीच ठेवून केवळ इंजेक्शने देत राहिल्यास लक्षणे परत येतात. म्हणून पहिले उपचार बिनऔषधाचेच असतात. आजपासून हात फक्त डोके आणि मान येथेच फिरवा. कपाटाखालची फट, सोफ्यामागची जागा, उघडे खण, पिंजऱ्यात घरट्यासारखा डबा किंवा कापडी तंबू असेल तर तो, हे सारे बंद करा किंवा काढून टाका. ती दाणे उलटून भरवू लागली की हसू नका, रागावूही नका. तिला शांतपणे पिंजऱ्यावर ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. रात्री सलग 12 तास खरा अंधार आणि शांतता मिळेल अशी सोय करा. दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीसमोर पिंजऱ्यावर टाकलेली चादर म्हणजे रात्र नव्हे. संध्याकाळचे कोमट मऊ अन्न थांबवा.

आहाराबाबत मात्र घाई नको. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते, अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने कातडी आणि पिसांचा दर्जा घसरतो, आणि रक्तातले कॅल्शियम घटण्याचा धोका तर ग्रे पोपटांत विशेष ओळखीचा आहे. तेव्हा आहार बदलायला हवाच. पण नवे अन्न हे अन्न आहे हेच काही पोपटांना कळत नाही आणि भरल्या वाटीसमोर ते उपाशी राहतात. पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणारे संतुलित आहाराचे दाणे) आणि भाज्या कित्येक आठवड्यांत, थोड्या थोड्या वाढवत न्याव्यात आणि रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅममध्ये वजन घ्यावे. हा वजनाचा काटा पुढे औषध सुरू झाले तर तुमचे सर्वांत उपयोगी साधन ठरेल, त्यामुळे तो आत्ताच घ्या.

आता रागाविषयी. तुम्ही कार्यालयात जाऊ लागल्याचा सूड ती स्वतःच्या अंगावर उगवते, हा समज फार जणांचा असतो, आणि त्यामागे माया असते हेही मान्य. पण सूड उगवण्यासाठी समोरच्याला काय दुखेल याचा हिशेब करावा लागतो. पिसे कुरतडणारा पक्षी बहुतेकदा तसे करतो कारण त्याला खाज, वेदना, भीती, कोंडी किंवा रिकामपण सोसत नाही आणि चोच चालू असताना ते थोडे सुसह्य होते. पक्षी रागावला आहे असे मानले की माणूस त्याची मनधरणी करू लागतो: संध्याकाळी जास्त वेळ कुशीत घेतो, जास्त हात फिरवतो, आवडीच्या बिया जास्त देतो. तुमच्या घरी नेमके हेच घडले असावे असा माझा अंदाज आहे, आणि तसे असेल तर अपराधीपणातून केलेली प्रत्येक भरपाई विणीच्या तयारीला खतपाणी घालत गेली. आणखी एक सवय तपासून पाहा. ती पिसाला चोच लावताच घरातले कोणी ‘नको, नको’ म्हणत धावत जाते का? दिवसभर एकट्या असलेल्या पक्ष्याला ते धावून येणे बक्षीस वाटते. ती शांत बसलेली असेल, खेळत असेल, तेव्हा जवळ जा. कुरतडत असेल तेव्हा खोलीतून निमूट निघून गेलेले बरे.

‘तपासण्या ठीक, म्हणजे मानसिक’ या वाक्यावरही थोडे थांबायला हवे. डोक्यावरची पिसे शाबूत आहेत हे चांगले आहे, कारण तेथे तिची स्वतःची चोच पोहोचत नाही. तीही खराब झाली असती तर सर्वांगीण आजार किंवा दुसऱ्या पक्ष्याचे चावणे यांचा संशय आला असता. पण शाबूत डोक्यावरून इतकेच कळते की नुकसान ती स्वतः करते आहे; का करते आहे हे त्यावरून कळत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत शिसे किंवा जस्त यांची विषबाधा कळतेच असे नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा, साखळ्या, स्वस्त घंटा चघळणाऱ्या पोपटात हा संशय घ्यावाच लागतो. क्ष-किरण चित्रात पोटातला धातूचा कण, वाढलेले यकृत, अंडे किंवा सुजलेला अंडमार्ग, जुने हाड दुखावल्याची खूण दिसू शकते. तुमच्या पत्रात क्ष-किरण चित्राचा उल्लेख नाही, आणि जिच्यात विणीची लक्षणे आहेत अशा मादीत ते मी प्रथम मागेन. कातडीचाच आजार वाटत असेल तर कुरतडलेल्या आणि न कुरतडलेल्या अशा दोन्ही जागांचे छोटे तुकडे तपासायला पाठवतात, म्हणजे तुलना करता येते. दुखण्याचा संशय असेल तर काही पशुवैद्य मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक थोडे दिवस देऊन कुरतडणे कमी होते का ते पाहतात. या सगळ्या चाचण्या प्रत्येक पक्ष्याच्या कराव्यात असे मी म्हणत नाही. ‘मानसिक’ हा शिक्का मात्र इतर कारणे शोधून संपल्यावर मारायचा असतो, आणि तुमच्याकडे शोध अर्ध्यावर आहे.

समजा शोध पूर्ण झाला, घरातले बदल झाले, आणि तरीही कुरतडणे चालूच राहिले. तेव्हा औषधाकडे कसे पाहावे? मनावर काम करणाऱ्या औषधांपैकी पोपटांसाठी सर्वाधिक वापरली जातात ती क्लोमिप्रामिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन आणि हॅलोपेरिडॉल. यांपैकी एकही पक्ष्यांसाठी तयार झालेले नाही. माणसांच्या औषधांचा वापर पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर आणि अनुभवावर करतात. त्यात गैर काही नाही, पक्ष्यांचे बरेचसे औषधोपचार असेच चालतात. पण त्यामुळे ठोस पुरावा थोडा आहे. त्यातला चांगला म्हणता येईल असा एक प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला: पिसे उपटणाऱ्या कॉकाटूंपैकी (तुरेवाल्या पोपटांपैकी) काहींना क्लोमिप्रामिन आणि काहींना औषध नसलेले द्रव्य देण्यात आले, आणि औषध मिळालेल्या पक्ष्यांत तीन आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत अधिक सुधारणा दिसली. पक्षी मोजकेच होते आणि सगळे कॉकाटू होते, त्यामुळे त्यावरून तुमच्या ग्रे पक्षिणीबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही. तरी औषधाला काही आधारच नाही, असेही म्हणता येत नाही. हॅलोपेरिडॉल हे वेगळ्या गटातले औषध आहे. स्वतःचे मांस फोडणाऱ्या पक्ष्यांत त्याचा उपयोग होतो, पण भूक मंदावणे आणि सुस्ती येणे असे त्याचे परिणाम जपून पाहावे लागतात, म्हणून तुमच्यासारख्या प्रकरणात ते पहिले नाव असू नये.

गुंगीची तुमची भीती निराधार नाही, पण ती अतिरेकी आहे. योग्य मात्रेतील फ्लुओक्सेटिनचा हेतू झोपवणे हा नसतो. बेचैनी थोडी खाली यावी, म्हणजे पक्षी दुसऱ्या कशात रमू शकेल, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पक्षीण दिवसभर पिसे फुलवून पेंगत असेल, दांडीवर तोल जात असेल, बोलणे आणि खेळणे सोडून देत असेल, तर तो परिणाम अपेक्षित नाही आणि तसे झाल्यास पशुवैद्यांना त्याच दिवशी कळवायचे. येथे तुमच्या बाबतीत एक खास गुंता आहे. या गटातील औषधांनी काही पक्ष्यांना उलट्या होतात, आणि तुमची पक्षीण आधीच दाणे उलटून काढते. औषध सुरू होण्यापूर्वी ती हे किती वेळा, कोणत्या वेळी, कोणासमोर करते याची नोंद नसेल, तर नंतर प्रेमाचे भरवणे कोणते आणि औषधाचा त्रास कोणता हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्याकडे पाहत, मान वरखाली करत, निगुतीने काढलेला घास हे भरवणे असते. डोके झटकून आजूबाजूला उडवलेले, डोक्याच्या पिसांना चिकटलेले अन्न ही उलटी असते आणि ती आजाराची खूण आहे.

आईच्या गोळीविषयी स्पष्टच लिहिते: तो कण देऊ नका. तुमच्या पक्षिणीचे वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर असेल. गोळीचा डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेला तुकडा तिच्या गरजेच्या कित्येक पट असू शकतो. माणसाची मात्रा वजनाच्या प्रमाणात भागून पक्ष्याची मात्रा निघत नाही, कारण पक्ष्याचे शरीर औषध वेगळ्या वेगाने बाहेर टाकते आणि हा वेग जातीजातीत बदलतो. ग्रे पोपटांत पॅरोक्सेटिनचा अभ्यास झाला तेव्हा तेच औषध कोणत्या स्वरूपात पाजले यावर ते रक्तात किती पोहोचते हे ठरत असल्याचे दिसले. मग गोळी कुटून पाण्यात ढवळण्याचा भरवसा काय धरायचा? शिवाय पाण्यातून दिलेले औषध हा मुळातच अंदाजपंचे कारभार आहे. चव आवडली नाही तर पक्षी पाणीच कमी पितो, आणि मग औषधही जात नाही आणि पाणीही नाही.

मलमाचा सल्ला त्याहून वाईट. माणसांच्या खाजेच्या मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. पक्षी स्टेरॉइडला फार संवेदनशील असतात. कातडीवर लावलेलेही शरीरात जाते, पिसे साफ करताना चाटले जाते, रोगप्रतिकारशक्ती खाली येते आणि श्वसनमार्गातील बुरशीसारखे जिवावर बेतणारे संसर्ग वाढू शकतात. स्टेरॉइड नसले तरी तेलकट मलमाने पिसे चिकटतात, पक्षी ती साफ करण्यासाठी आणखी चावतो. कडू फवारे, लसणाचे पाणी, किड्यांवरचे फवारे हेही त्याच रांगेतले. पोपटांत पिसे कुरतडण्यामागे किडे असणे हे बहुतेकांना वाटते त्याहून खूपच विरळ आहे. साध्या स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मात्र रोज सकाळी जरूर मारा, तिला आवडत असेल तर. ग्रे पोपटाच्या अंगावर पिसांची पूड बरीच असते, आणि कोरड्या हवेत अंघोळीवाचून ती खाजते. घरात कोणी धूम्रपान करत असेल, सुगंधी फवारे किंवा उदबत्ती पेटत असेल, तर तेही थांबवा.

औषधाशिवायच्या उपायांना ‘आधी हे करून पाहा’ असे दुय्यम स्थान दिले जाते, हे मला पटत नाही, कारण त्यांच्यामागचा पुरावा औषधांपेक्षा कमजोर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2003 साली तरुण ऑरेंज-विंग्ड ॲमेझॉन पोपटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पिंजऱ्यांत अन्न शोधून, सोडवून, फोडून मिळवावे लागेल अशी योजना होती आणि चढण्या-झोंबण्यासाठी विविध वस्तू होत्या, तेथील पक्ष्यांची पिसे चांगली राहिली; साध्या पिंजऱ्यांतील पक्ष्यांची बिघडली; आणि पुढे त्या पक्ष्यांनाही तीच सोय करून दिल्यावर त्यांची पिसे सुधारली. कारण समजण्यासारखे आहे. रानातला पोपट अन्न शोधण्यात दिवसाचे कित्येक तास घालवतो; आपल्या घरी वाटी भरलेली असते आणि जेवण काही मिनिटांत उरकते. उरलेल्या वेळेचे चोचीने काय करायचे? तुम्ही कार्यालयात जाता तेव्हा वाटी रिकामीच ठेवा आणि दिवसाचे अन्न दहा ठिकाणी लपवा: कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबून, लाकडाच्या भोकांत ठोकून. सुरुवातीला तिच्यासमोर, अर्धे उघडे ठेवून द्या, नाहीतर तिला कळणारच नाही. एक सावधगिरी मात्र तुमच्यासाठी आहे: कागद फाडणे हे इतर पक्ष्यांसाठी उत्तम काम असले तरी तुमची पक्षीण सध्या त्याच पट्ट्यांनी घरटे सजवते आहे. म्हणून पहिले काही आठवडे मऊ कागद टाळा आणि कडक साली, फांद्या, लाकडाचे ठोकळे द्या, तेही पिंजऱ्यात उजेडाच्या बाजूला, वर टांगून.

यश कशावरून मोजायचे हे सुरुवातीलाच ठरवा, कारण येथे पुष्कळजण फसतात. तुमची पक्षीण पिसे उपटत नाही, कुरतडते. मुळातून उपटलेल्या पिसाच्या जागी, मूळ शाबूत असेल तर, काही आठवड्यांत नवे पीस येऊ लागते; पण कुरतडलेल्या पिसाची दांडी कातडीत तशीच राहते आणि ते गळेपर्यंत नवे येत नाही. म्हणजे तिने आज सारे थांबवले तरी छाती कित्येक महिने तशीच ओबडधोबड दिसणार. औषध सहा आठवडे दिले, छाती तशीच दिसली, म्हणून बंद केले, असे अनेकांच्या बाबतीत घडते, आणि उलटही घडते: पिसे गळण्याचा नैसर्गिक काळ आला, नवी पिसे दिसली आणि श्रेय औषधाला गेले. म्हणून पिसांकडे पाहू नका असे म्हणत नाही, पण मोजा दुसरेच काही. तुम्ही घरी नसताना भ्रमणध्वनीने दिवसातून ठरावीक वेळी पंधरा-वीस मिनिटांचे चित्रण करा आणि त्यात ती किती मिनिटे कुरतडते ते पाहा. आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र घ्या आणि त्यात फक्त नव्याने उगवलेली पिसे टिकतात का ते बघा. पिसांना हात लावून मूळ तपासण्याचा मोह आवरा. उगवत्या पिसात रक्त असते, ते मोडले तर बराच रक्तस्राव होतो.

औषध सुरू करायची वेळ आलीच, तर आधी तिला पिचकारीतून गोड फळाचा रस घ्यायला शिकवा. आठ-दहा दिवसांत बहुतेक पोपट पिचकारी दिसताच पुढे येतात. हे न करता रोज टॉवेलात गुंडाळून, चोच उघडून औषध कोंबले, तर अस्वस्थतेवरचे औषध हेच दिवसातले सर्वांत अस्वस्थ करणारे काम होऊन बसते, आणि मग फायदा कसला आणि तोटा कसला हे वेगळे करता येत नाही. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर मात्रा स्वतःहून वाढवू नका. ती इतर कोणतेही औषध घेत असेल तर पशुवैद्यांना सांगा. पक्ष्यांना वेदनेसाठी दिले जाणारे ट्रॅमाडॉलदेखील सेरोटोनिनवर काम करते, आणि अशी दोन औषधे एकत्र आल्यास त्रास होऊ शकतो. बरे वाटू लागल्यावर औषध एकदम तोडायचे नाही, मात्रा हळूहळू उतरवायची. आणि घरातले बदल औषध चालू असताना ढिले सोडायचे नाहीत, कारण नव्या सवयी लागण्याची संधी त्याच काळात असते.

याच विवंचनेत असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहायला हवे, कारण माझा ‘दोन महिने थांबा’ हा सल्ला सर्वांना लागू नाही. पक्षी कातडी फोडत असेल, रक्त दिसत असेल, किंवा छातीत, पंखाखाली खोल जखम करत असेल, विशेषतः तो कॉकाटू असेल, तर एक दिवसही थांबू नये. तेथे मानेभोवतीची कॉलर, वेदनाशामक आणि मन शांत करणारे औषध एकाच वेळी लागू शकते. केवळ कुरतडणाऱ्या पक्ष्याला कॉलर घालणे मात्र मी टाळेन, कारण तिने कारण दूर होत नाही आणि पक्षी खाणे-पिणेही सोडू शकतो. अनेक घरे बदलून आलेला, माणसाच्या सावलीलाही दचकणारा पक्षी असेल, तर तेथे औषध लवकर सुरू करण्याला अर्थ आहे, कारण भीती इतकी दाट असते की शिकवण्याला जागाच मिळत नाही. आणि काही पक्षी वर्षानुवर्षे छाती उघडी ठेवून जगतात. पिसांची मुळे कायमची निकामी झालेली असतात, पण तो पक्षी पोटभर खातो, खेळतो, गप्पा मारतो, वजन राखतो. त्याला केवळ तो बरा दिसावा म्हणून रोज औषध पाजण्याचे मला कारण दिसत नाही. सोबत म्हणून दुसरा पक्षी आणण्याचा विचारही बऱ्याच जणांच्या मनात येतो. दोघांचे पटेल याची हमी नसते, नव्याला आधी काही आठवडे वेगळे ठेवून तपासावे लागते, आणि तुमच्यासारख्या घरात तर विणीची लक्षणे आणखी भडकतील.

तुमच्या पतींनी ‘औषध न देणे हा छळ आहे’ असे म्हटले, त्यातली कळकळ खरी आहे आणि त्यांचा मुदतीचा आग्रह मला पटतो. पाच महिने नुसतेच गेले, कारण ‘पाहू’ याला तारीख नव्हती. आता तारीख ठरवा: आजपासून आठ आठवडे. कॅलेंडरवर खूण करा, आणि दोघांनी मिळून एकदाच ठरवून टाका की तोवर कुरतडण्याची मिनिटे स्पष्टपणे कमी झाली नाहीत तर औषध सुरू होईल. कातडीवर पहिली जखम दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जायचे, आठ आठवड्यांची वाट पाहायची नाही.

पुढच्या भेटीला जाताना कपाटाखालच्या फटीतले, पंख थरथरवण्याचे आणि दाणे भरवण्याचे चित्रण बरोबर न्या, कारण तपासणीच्या टेबलावर ती यातले काहीच करणार नाही. गेल्या वर्षीच्या प्रसंगाचे महिने लिहून न्या. मग पशुवैद्यांना विचारा: ही लक्षणे विणीची वाटतात का? क्ष-किरण चित्र आणि शिसे-जस्ताची चाचणी आत्ता करावी का? विणीचे कारण ठरले तर फ्लुओक्सेटिनऐवजी संप्रेरकांवरचे इंजेक्शन आधी का नको? आणि फ्लुओक्सेटिनच द्यायचे ठरले तर ते किती आठवड्यांनी, कशावरून उपयोगी मानायचे आणि कोणत्या लक्षणावर लगेच फोन करायचा? माझा अनुभव असा आहे की ही उत्तरे शांतपणे देणारा पशुवैद्य औषधही जपूनच देतो.